एका ॲम्बॅसिडरची चौकशी

नाशिकची माणसं येवल्याला जातात ती पैठणी घ्यायला. मालेगावला काम असल्याशिवाय सहसा कुणी जात नाही. मी ही दोन्ही गावं एकाच फेरीत पाहिली आणि तीही एका जुन्या पांढऱ्या ॲम्बॅसिडरपायी. परत आले तेव्हा दवाखान्यातल्या मैत्रिणींपैकी प्रत्येकीच्या कानावर काहीतरी वेगळंच आलेलं होतं. एकीने तर मला विचारलं, "मुलगी पसंत पडली का गं? पण तुझ्याकडे मुलगा कोण आहे?" तेव्हा म्हटलं, आता सगळं क्रमाने लिहूनच काढावं.

नाशिक, द्वारका

गोष्ट २००१ सालच्या मे महिन्यातली. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका. माझी बदली पेठच्या पुढे, सावळ घाटापलीकडच्या आरोग्य केंद्रात झाली होती आणि पावसाळ्याआधी हजर व्हायचं होतं. घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. आदल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि तिची उजवी बाजू लुळी पडली होती. दिवसा शेजारच्या बाई तिच्याकडे बघत, रात्री मी. घाटापलीकडून येणारी शेवटची एसटी माझी ड्यूटी संपायच्या आतच निघून जायची, म्हणजे एसटीच्या भरवशावर रोज रात्री घरी येणं अशक्य. तिथे राहायला खोली मिळत होती, पण आईचे व्यायाम करून घेणारी बाई नाशकात, डॉक्टर नाशकात. पुण्याच्या भावाला फोन केला, तर तो इतका वेळ घसाच साफ करत बसला की शेवटी मीच विषय बदलला.

म्हणजे गाडी हवी होती. ती घाटात दगा न देणारी हवी होती, आणि मागच्या सीटवर आईला आडवं होता येईल अशी हवी होती, कारण महिन्यातून एकदा तिलाही दोन दिवस सोबत नेईन म्हणत होते. नवी परवडण्यातली नव्हती. गाडी चालवायला शिकून मला वर्ष झालं होतं, पण ते सगळं गंगापूर रोडवर, सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, शेजारी शिकवणारा बसलेला असताना.

द्वारकेजवळ जुन्या गाड्यांचा एक एजंट होता. त्याच्याकडे ती ॲम्बॅसिडर उभी होती.

"मॅडम, एकहाती गाडी. घरगुती वापर. कुठे घासलेलीसुद्धा नाही," तो म्हणाला. "बॉनेट उघडून बघा, तोंड दिसेल तुमचं."

आत उदबत्तीचा घमघमाट होता आणि त्याच्याखाली बारीकसा कांद्याचा वास. मी मागच्या सीटवर आडवी होऊन बघितलं. एजंटला ते चमत्कारिक वाटलं असणार. गाडी मला आवडली, हे कबूल करते. कागदांवर मालक म्हणून येवल्याच्या खैरनारांचं नाव होतं. सोमवारपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही, असं त्याने सांगितलं.

माझ्याबरोबर मामा होते. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, निवृत्त शिक्षक. शाळेत त्यांनी काय शिकवलं ते त्यांच्या विद्यार्थ्यांना आठवत नाही, पण त्यातल्या निम्म्यांची लग्नं मामांनी जमवलेली आहेत. स्थळाची चौकशी करावी तर मामांनीच, असं आमच्या सगळ्या गोतावळ्यात म्हणतात. माझं लग्न मात्र त्यांना जमवता आलं नाही. पोह्यांच्या किती बशा मी बाहेर नेल्या ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं होतं, आणि तिशी उलटल्यावर एक दिवस जाहीर करून टाकलं की यापुढे पोहे केले तर स्वतःला खायला करीन. मामांच्या मनाला ते आजही लागलेलं आहे.

"येवल्याला जाऊन येऊ," मामा म्हणाले.

"फोन करून विचारू की खैरनारांना."

"शालू, थेट विचारलं की थेट थाप ऐकायला मिळते. चौकशीची एक पद्धत असते."

पद्धत मला पाठ होती. आधी गावात चहाच्या टपरीवर बसायचं, मग किराणा दुकानात काहीतरी फुटकळ घ्यायचं, बोलता बोलता घराबद्दल विचारायचं. आपण का आलोय ते कुणाला सांगायचं नाही. घरी शेवटी जायचं आणि तेही सहज वाट वाकडी केल्यासारखं. मोटारगाडीला हीच पद्धत कशी चालेल, असं मी विचारलं. "घर कसं आहे ते कळलं की घरातली वस्तू कशी आहे ते कळतं," मामा म्हणाले. शनिवारची सुट्टी होती, म्हणून निघाले.

येवला

मे महिन्यात एसटीत बसायचं म्हणजे कुणाच्या तरी वऱ्हाडात सामील व्हायचं. निफाडला एक अख्खं वऱ्हाड चढलं आणि एका बाईंनी न विचारता रुखवताचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. त्यात साखरेचं तुळशीवृंदावन होतं. विंचूरपर्यंत मी ते दोन्ही हातांनी सांभाळलं. उतरताना बाई म्हणाल्या, "तुमच्याकडच्या लग्नाला आम्हाला बोलवा हां!" बाहेर छाटणी झालेल्या द्राक्षबागा उघड्याबोडक्या उभ्या होत्या आणि जिकडेतिकडे कांद्याच्या चाळी भरणं चाललं होतं. आमच्या एसटीपुढे ट्रॅक्टरांची रांग आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्कश गाणी.

येवल्यात पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. गल्लीतून जाताना घराघरातून मागांचा खटखट आवाज येत होता. एका दारातून डोकावले तर एक बाई पदरावर मोर विणत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी पाणी हवंय का विचारलं. आमच्या कॉलनीत दार वाजवल्यावरसुद्धा लोक आधी भोकातून बघतात.

खैरनारांच्या गल्लीच्या तोंडाशी टपरी होती. मामांनी चहा सांगितला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सुरुवात केली.

"खैरनारांचं घर इथंच ना?"

टपरीवाल्याने आधी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पर्सकडे. "इथंच. का हो पाव्हणं?"

"सहज. कसं आहे घर?"

"लय चांगलं. अण्णांची कांद्याची आडत होती. आता डोळ्यानं दिसत नाय, साखरेनं डोळे गेले. पण माणूस सोनं हाय."

"त्यांच्याकडे गाडी होती म्हणे."

टपरीवाल्याचा हात किटलीवर थांबला. "गाडी? हां, होती एक. ड्रायव्हर चालवायचा."

"घरातलं कुणी नाही?"

"छ्या! पोरगी तर गाडीकडं बघत पण नव्हती. लय साधी पोरगी."

पोरगी मधेच कुठून आली, हे मला कळलं नाही. मामा मात्र रंगात आले होते. "कुठं ठोकली-बिकली होती का गाडी?"

"नाव नका काढू! एक ओरखडा नाय. सोज्वळ घर हाय." एवढं बोलून त्याने दूध संपलं म्हणून सांगितलं आणि किटली तशीच ठेवून स्वतःच लगबगीने कुठेतरी जाऊन आला. येताना दूध आणलेलं दिसलं नाही.

किराणा दुकानातही तेच. मामांनी बडीशेप घेतली. दुकानातल्या बाईंनी न विचारताच सांगितलं की खैरनारांची मनीषा बी. कॉम. झालेली आहे, सैपाकात हुशार आहे आणि गाडीबिडीचं तिला काहीसुद्धा ठाऊक नाही. बाहेर आल्यावर मामांचा चेहरा फुलला होता.

"बघितलंस? ड्रायव्हरच्या हातची गाडी, अपघात नाही, दोन वेगवेगळ्या तोंडांनी एकच गोष्ट. घे डोळे मिटून."

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. आईला मागे निजवून घाट उतरतानाचं चित्र मी मनात रंगवून टाकलं.

खैरनारांच्या दारात नुकताच सडा पडला होता आणि त्यावर ओली रांगोळी होती. एवढ्या उन्हात दुपारी रांगोळी कशी, हा विचार मनात आला तो तिथेच राहिला. अण्णा काळा चष्मा आणि परीटघडीची टोपी घालून खुर्चीत बसले होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, तोंडभर हसून "या, या" केलं. त्यांच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. आम्ही कोण, कुठून आलो, कशाला आलो, कुणी काही विचारलं नाही. पाणी आलं, पाण्याबरोबर गूळ आला, आणि मग आतून बशा घेऊन मनीषा आली.

आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पेरतात. इथे शेव आणि कच्च्या कांद्याचा डोंगर होता. मनीषा सत्ताविशीची असेल. साडीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या, म्हणजे कपाटातून आत्ताच काढलेली. बशी माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि सतरंजीकडे बघू लागली. तेव्हा लख्ख प्रकाश पडला. टपरीवाला दूध आणायला कुठे गेला होता ते कळलं. एक म्हातारा आणि एक चाळिशीची बाई गावात येऊन घराची चौकशी करतात, म्हणजे दुसरं काय असणार? इतकी वर्षं मी ज्या जागी बसत होते तिथे आज ही पोरगी बसली होती आणि मी समोरच्या बाजूला होते. मी बशी खाली ठेवली.

मामांच्याही लक्षात आलं असावं, पण जन्माची सवय जाते कुठे. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुठवर शिकलीस, बाळ?"

"बी. कॉम.," मनीषा म्हणाली आणि तिने मान वर केली. "आणि एक सांगते. तुम्हाला नंतर बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे."

"मने, गप," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडं ॲम्बॅसिडर होती. ती मी चालवायचे. ड्रायव्हर कधीच नव्हता. अण्णांना लासलगावला, मनमाडला, दवाखान्यात मीच न्यायचे. मागच्याच्या मागच्या दिवाळीत मनमाडच्या पुढं एक सायकलवाला आडवा आला. त्याला वाचवायला गेले आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. तो वाचला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, गाडीचं तोंड आत गेलं. दारात गाडी दिसली की पाहुणे विचारतात म्हणून घरच्यांनी ती विकली. पण उद्या मिळाली तर मी परत चालवीन. चालणार नसेल तर आत्ता सांगा. पोहे खाऊन जा, राग नाही."

वर पंखा कुरकुरत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. आता गप्प बसणं म्हणजे पाप होतं.

"अण्णा, काकू," मी म्हटलं, "आम्ही स्थळ घेऊन आलो नाही. तुमची ती ॲम्बॅसिडर नाशिकला विकायला आहे. ती मी घेणार आहे. आम्ही तिची चौकशी करायला आलो होतो."

आधी कुणालाच काही समजलं नाही. मग अण्णा हसायला लागले, इतके की चष्मा काढून त्यांना डोळे पुसावे लागले. "गल्लीनं ठरवून टाकलंय बाई, पाव्हणे आले की गाडीचं नाव काढायचं नाय. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मनीषाच्या मायेपोटी त्यांचं त्यांनीच ठरवलं." म्हणजे मामांची पद्धत जितकी चोख, तितकी गल्लीची थाप पक्की झाली होती. थेट विचारलं असतं तर टपरीवाल्याने पहिल्या घोटाला खरं सांगितलं असतं. मामा टोपीच्या कडेवरून बोट फिरवत बसले होते.

मनीषाही हसली. काकू हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या, म्हणून मी मागोमाग गेले. ओट्यावर आमरसाचं पातेलं होतं, कुरडया तळून ठेवल्या होत्या. एवढ्या वेळात एवढं सगळं केलेलं बघून मला मनापासून लाज वाटली.

"ताई, रागवू नका," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पण बाहेर गाडीचं काय बोलू नका. चार दिवस लोकास्नी वाटू द्या, स्थळ आलं होतं. वरीस झालं, कुणी उंबरा चढलं नाय. मग पत्रिका जुळली नाय म्हणून मी सांगेन."

पत्रिका जुळली नाही. आमच्या घरी हे वाक्य कितीदा आलं होतं, आणि दर वेळी आईने ते शेजारी असंच हळू आवाजात सांगितलं होतं. मी काकूंना शब्द दिला.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही आणि जेवल्यावर राहायचा आग्रह केला. नाशकात शेजारच्या बाईंना फोन केला, त्या रात्री आईजवळ झोपायला तयार झाल्या, म्हणून राहिलो. आमरसात मिरपूड घालायची पद्धत मला नवीन होती. आम्ही वेलदोडा घालतो, पण मी दोनदा मागून घेतला. जेवताना मनीषाने मला खोदून खोदून विचारलं, गाडी कुठे चालवणार, घाट कसा आहे, आई कुठे बसणार. ॲम्बॅसिडर नाशकात माझ्याकडे आली तर निदान कुठे आहे ते तरी ठाऊक राहील, असं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सरळ केली ती मालेगावच्या रऊफ मिस्त्रीनं. घाटाचं त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. मी येते उद्या."

"लोकं काय म्हणतील?" काकू म्हणाल्या.

"म्हणतील, पाव्हण्यांबरोबर फिरायला गेली. तुला तेच पाहिजे ना?" अण्णा म्हणाले.

मालेगाव

सकाळच्या एसटीने मनमाडमार्गे निघालो. मनमाडच्या अलीकडे अणकाई-टणकाईचे किल्ले दिसतात, जोडीने उभे असलेले, उघडे, काळे. मनमाड सुटल्यावर मनीषाने खिडकीतून एक पूल दाखवला. कठड्याचा एक तुकडा नव्या सिमेंटचा होता. "तो माझा," ती म्हणाली. मामांनी पुढचं गाव येईपर्यंत खिडकीची दांडी सोडली नाही.

मालेगावात शिरलं की आधी आवाज येतो. यंत्रमागांचा धडधडाट गल्ल्यागल्ल्यांतून चालूच. रविवारी आमच्याकडे बाजार झोपलेला असतो, इथे शटर वर, सायकली, हातगाड्या, रिक्षा, सगळं जोरात. इथली सुट्टी शुक्रवारी. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तर्री अशी की मामांना हुंदका आल्यासारखं झालं आणि वेटरने न सांगता साखर आणून ठेवली.

रऊफ मिस्त्रीचं गॅरेज आग्रा रोडला लागून होतं. मेंदी लावलेली दाढी आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने फक्त मान हलवायची.

"वो ॲम्बॅसिडर? अरे, नयी करके दी मैंने! कंपनीसुद्धा अशी देणार नाही. डोळे मिटून घ्या, ताई."

दोन दिवसांत डोळे मिटून घ्यायला सांगणारा हा दुसरा माणूस होता.

"चाचा," मनीषा म्हणाली, "ह्या ताई नवीन शिकलेल्या आहेत. रोज सावळ घाट चढून उतरायचाय. कधीकधी मागं त्यांची आई झोपलेली असणार, अर्धांगाची. आता सांगा."

मिस्त्रीने दाढी खाजवली. बराच वेळ खाजवली. "शहर में चलाओ," तो म्हणाला. "हायवे को भी चलाओ. घाटात नको." मग त्याने समजावून सांगितलं की पुढचा सांगाडा तोडून जोडलेला आहे, आणि वळणावर जोरात ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. सावळ घाटात उतरताना डावीकडे काय असतं, ते मला ठाऊक होतं.

"ओढते," मनीषा म्हणाली. "मला वाटायचं, अपघातानंतर माझा हातच कच्चा झालाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, ही घेऊ नका."

ती असं म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ॲम्बॅसिडर आता द्वारकेवरून कुठे जाईल, कुणाकडे जाईल, ते तिला कधीच कळणार नव्हतं.  हजर व्हायची तारीख जवळ आली होती आणि भावाचा घसा अजून साफ झाला नव्हता.

मिस्त्री दुकानदारही होता. गॅरेजच्या मागे त्याने एक डिझेल जीप दाखवली. सटाण्याच्या एका डाळिंबवाल्याची, विकायला ठेवलेली. मामा लगेच म्हणाले, "सटाण्याला जाऊन टपरीवर..."

"मामा, पुरे," मी म्हटलं. समोर फोनचा बूथ होता. नंबर घेतला आणि सरळ मालकालाच विचारलं, मला रोज घाटात न्यायची आहे, आजारी माणूस आत असणार, गाडी कुठे ठोकली आहे का.

 तिकडून अहिराणीत उत्तर आलं, "एकदाव म्हैस आडवी उनी व्हती, बंपर वाकना. बाकी गाडी चांगली शे, ताई." आणि त्याने स्वतःहून सांगितलं की थंडीत पहिल्या किल्लीला चालू होत नाही, आणि मागचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. एवढे दोष सांगणारा विकणारा मी तोवर पाहिला नव्हता.

मनीषाने साडीचा पदर खोचला, चपला काढून पायाखाली ठेवल्या आणि जीप आग्रा रोडवर काढली. मी शेजारी, मामा मागे, दोन्ही हातांनी दांडा धरून. ट्रकच्या रांगेतून ती अशी गेली की मला बघत राहावंसं वाटलं. मोकळा रस्ता बघून तिने वेग वाढवला, ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले. जीप नाकासमोर थांबली. मग मला बसवलं. तेच परत माझ्याकडून करून घेतलं, एकदा नाही, मला कंटाळा येईपर्यंत. बंपर तिने वाकून बघितला, खालून हात फिरवला, आणि दाराला एक लाथ घातली. दार लागलं.

"ही घ्या," ती म्हणाली.

मिस्त्रीने अण्णांशी असलेल्या जुन्या ओळखीवर जीप चार दिवस घाटात चालवून बघायला दिली, कागद नंतर. पुढे मी ती घेतलीच. पावसाळाभर तिने सावळ घाटात मला एकदाही दगा दिला नाही, आणि रोज रात्री आईला कुशीवर वळवायला मी घरी असायचे.

पुन्हा येवला

येताना जीप मनीषाच चालवत होती. येवला जवळ आलं तशी तिने रस्त्याच्या कडेला लिंबाखाली थांबवली. इथून पुढे मी चालवायची, असं आमचं ठरलेलं होतं, कारण गल्लीने तिला चालवताना बघायचं नव्हतं. मी उतरून तिच्या बाजूला गेले. ती उतरली नाही. हात स्टिअरिंगवर तसेच.

"ताई, आईला शब्द तुम्ही दिलाय," ती म्हणाली. "मी नाही दिलेला."

मी मामांकडे बघितलं. मामांनी पहिल्यांदाच काही मत दिलं नाही. मी परत जाऊन माझ्या जागेवर बसले.

तिने हळूच नाही, चांगला हॉर्न वाजवत जीप गल्लीत घातली. टपरीवाला चहा गाळत होता, तो गाळणी हातात धरून तसाच उभा राहिला. किराणावाल्या बाई पायरीवर आल्या. मागांचे आवाज थांबत गेले आणि दारादारात माणसं दिसायला लागली. शब्द मोडला होता तो माझाच.

काकू दारात आल्या. जीप बघितली, आत कोण कुठे बसलंय ते बघितलं आणि घरात निघून गेल्या. अण्णा ओट्यावरून विचारत होते, "कोण आलं? कुणाची गाडी?"  मनीषाने इंजिन बंद केलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती समोर बघत होती.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं. हळदकुंकू, तांदूळ, निरांजन. नवी गाडी दारात आली की करतात तसं त्यांनी जीपच्या बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. मग चालकाच्या बाजूला आल्या, मनीषाच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि कुंकू लावलं. 

टपरीवाला एव्हाना जवळ आला होता. "काकू," त्याने हळूच विचारलं, "जमलं का पाव्हण्यांचं?"

काकूंनी ताट एका हातात घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाव्हणे पोरगी बघाया नव्हते आले. गाडी घ्यायची होती त्यांला. माझ्या मनीनं बघून दिली, आणि मालेगावपासून चालवत तिनंच आणली."